मानशीचं दार

दिवाडीला आले तेव्हा उजवं मनगट पट्ट्यात होतं.
पणजीतल्या प्रदर्शनासाठी एकवीस रात्री
झोपेचे तुकडे करून रंगात कालवले होते,
आणि बावीस चित्रं भिंतीवर लागली त्या संध्याकाळी
त्यांच्यासमोर मला
फक्त बसायला खुर्ची हवी होती.

लोक म्हणाले, वा.
चौदा विकली गेली.
त्यानंतर अकरा महिने एक रेघ नाही.

घर भाड्याचं, खाजनाच्या काठाला.
खिडकीतून बांध दिसतो, बांधात एक लाकडी दार.
मानस म्हणतात इथे.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आलं:
म्हणजे इथे मनाला बिजागऱ्या आहेत तर.

दार राखणारा पुरसो.
गुडघ्यापर्यंत चिखल, कानावर अर्धी विडी.
विचारलं, दिवसातून किती वेळा उघडता?
"हांव? हांव कित्याक?
उदक आपशींच येता, आपशींच वता."
भरती बाहेरून ढकलते, दार मिटतं.
ओहोटीला आतलं पाणी रेटतं, दार उघडतं.
मग तुमचं काम काय?
"फळ्यो पळोवप."
फळ्या बघणं. कुठे कीड लागलीय,
कुठे कालवं चिकटून दार अडतंय.
एवढंच. रोज.

घरी येऊन मी माझ्या फळ्या बघितल्या.
झोप. मनगट. डोळे.
फोन, जो उठल्याउठल्या आत घेत होते
खाऱ्या पाण्यासारखा.

एकदा पुरसोनं पलीकडचा तुकडा दाखवला.
तीन वर्षांमागे तिथलं दार कुणी सुंगटांच्या लोभानं
रात्र रात्र उघडं ठेवलं.
मासळी मिळाली पुष्कळ, टोपल्या कमी पडल्या.
शेतात शिरलेलं मीठ अजून निघतंय,
दर पावसाळ्यात थोडं.
आता?
"आतां रावप."
थांबायचं. आणि मिठातही तग धरतं
ते कोरगुट पेरून बघायचं, मूठभर.

मी त्या पांढुरक्या जमिनीकडे पाहत राहिले.
चौदा म्हणजे किती टोपल्या, असलं काहीतरी
डोक्यात येत होतं.

मूठभर म्हणजे नेमकं केवढं,
हे ठरवायलाच आठवडा गेला.
पदेराचा भोंगा वाजला की पोय घ्यायची,
चहात बुडवून खायची, मगच मेज.
पोस्टकार्डाएवढा कागद. त्याहून मोठा नाही.
दहाची फेरीबोट धक्क्याला लागली की ब्रश धुवायचा,
झाड अर्धं राहिलं तरी.
अर्धं असेल तर नक्कीच.
उद्या सकाळी कुठून सुरू करायचं
ते मग झाडच सांगतं.

पहिले कागद चिखल होते, अक्षरशः.
चौथ्या आठवड्यात एका बगळ्याची मान
मी न ठरवता बरोबर वाकली.

खोटं कशाला बोलू,
परवा रात्री पुन्हा दोन वाजले.
निळा असा काही उतरत होता की दिवा मालववेना.
सकाळी मनगटानं हिशेब मागितला. दिला.
दोन दिवस नुसती बांधावरून हिंडले,
कार्मिलीनबायच्या कोंबड्यांना दाणे टाकले,
तिच्या गुडघेदुखीचा सगळा इतिहास ऐकला.

आज गॅलरीतून फोन:
डिसेंबरला वीस तरी होतील ना?
खिडकीबाहेर पाणी उतरत होतं.
म्हटलं, सात. कदाचित आठ.
तिकडे शांतता पसरली,
ओहोटीच्या चिखलात असते तशी,
बारीक बुडबुड्यांची.

संध्याकाळी पुरसो मानशीची एक फळी बदलत होता.
जुनी मी मागून घेतली.
कालवांचे पांढरे ठसे आहेत तिच्यावर,
कडेला मिठाची एक रेघ.
भिंतीला टेकवून ठेवलीय.
तिचं काही करायचं नाहीये.
अजून तरी.